जुनी स्टीलची शेगडी दुरुस्त करावी की काचेची नवी घ्यावी?

ज्योत पिवळी पडली, गंजांची (पातेल्यांची) बुडं काळी व्हायला लागली, की घरात दोन तट पडतात. एकाला मिस्त्री बोलवायचा असतो, तर दुसऱ्याने नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात तीन बर्नरची काचेची शेगडी आधीच हेरून ठेवलेली असते. शेगडी किती वर्षं जुनी आहे याला फारसा अर्थ नाही, तिचा कोणता भाग गेला आहे ते बघा. बर्नर, जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड), रबरी नळी, जाळी, कॉक (चाबीमागचा, गॅस सोडणारा-अडवणारा भाग) हे सगळे बदलता येतात. सांगाडा आणि त्याच्या आत गॅस वाहून नेणारी लोखंडी नळी खराब झाली, तरच शेगडी संपली असं समजा.

बिघाड आधी ओळखा

दोन्ही बर्नर पेटवा. दोन्हींची ज्योत मंद असेल तर दोष शेगडीत नसून रेग्युलेटरमध्ये, मुडपलेल्या नळीत किंवा संपत आलेल्या सिलिंडरमध्ये असण्याची शक्यता जास्त. एकाच बर्नरची मंद असेल तर त्याचा जेट तुंबला आहे. एवढं तपासलं तरी कितीतरी शेगड्या विनाकारण बदलायच्या वाचतील.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. जेटमधून जोरात निघणारा गॅस बाजूच्या फटीतून हवा ओढून घेतो आणि दोन्ही मिक्सिंग ट्यूबमध्ये मिसळून बर्नरपर्यंत जातात. उन्हाळ्यात घर महिनाभर बंद राहिलं की या ट्यूबमध्ये कोळी जाळं करतो. एरवी उतू गेलेलं दूध आणि वरणाचा थर तेच काम करतो. हिवाळ्यात भरीत करताना वांगं थेट बर्नरवर भाजलं की रस आणि सालीची राख छिद्रांत जाऊन बसते, म्हणून वांग्याखाली जाळी ठेवा.

सफाईसाठी रेग्युलेटर बंद करून बर्नर गार होऊ द्या आणि मग उचला. पितळी बर्नर कोमट पाण्यात चिंच किंवा लिंबू घालून अर्धा तास भिजवा, छिद्रं बारीक तारेने किंवा टूथपिकने मोकळी करा. ॲल्युमिनियमचा असेल तर आंबट पदार्थ नको, साबणाचं पाणी पुरे. ट्यूब बारीक ब्रशने कोरडीच साफ करायची. बर्नर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका, ओला असला की ज्योत फडफडते आणि नवीनच बिघाड झाल्यासारखं वाटतं.

जेटमध्ये मात्र सुई घालू नका. भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, पितळ मऊ असतं. सुईने ते जरासं रुंदावलं की गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते आणि काजळी कायमची मागे लागते. जेट उघडून फुंकर मारून बघा. नाहीच साफ झाला तर त्याच मापाचा नवा बसवा, तो फार महाग नसतो.

कूलर सुरू असताना ज्योतीत नारिंगी ठिणग्या चमकतात. वाऱ्यासोबत आलेली धूळ आणि खारट पाण्याचे कण जळतात, एवढंच. बुडाला काजळी धरत नसेल तर शेगडी ठीक आहे.

‘फट्’ आवाज होऊन ज्योत खाली जेटपाशी जळायला लागली तर लगेच चाबी बंद करा. बहुधा बर्नरची टोपी तिरपी बसलेली असते. नीट बसवूनही पुन्हा तसंच झालं, तर टोपीची कड झिजली आहे किंवा वाकली आहे, बर्नर बदला.

चाबी जड झाली की काही जण तिच्यात खोबरेल तेल सोडतात. कॉकच्या आत एक निमुळता खुंटा असतो, ग्रीसचा पातळ थर त्याला फिरवतो आणि गॅसही अडवतो. तेलाने हा थर धुऊन जातो, चाबी दोन दिवस सुरेख फिरते आणि मग गॅस गळायला लागतो. खुंटा काढून, पुसून, उष्णता सोसणारं ग्रीस लावणं हे मिस्त्रीचं काम आहे. खुंट्यावर ओरखडे पडले असतील तर कॉकच बदलावा.

दुरुस्ती कुठे थांबवावी

शेगडी उलटी करून बघा. सांगाड्याला पोखरणारी जंग असेल, आतल्या नळीवर खड्डे पडले असतील किंवा कॉकचा सांधा घट्ट करूनही साबणाच्या पाण्याला बुडबुडे येत असतील, तर ती काढून टाका. नळीला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा, पण काम देऊ नका. एरवी दुरुस्तीचा खर्च नव्या शेगडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जात असेल तर दुरुस्तीच परवडते.

स्टील की काच

सावजी रश्श्याचा जड गंज, आठवड्याला तळण, दणकन ठेवलेला कुकर असा ज्या घरचा खाक्या आहे, तिथे स्टीलच हवं. त्याला पोचा पडतो, पण ते फुटत नाही. स्टीलचं दुखणं खालून सुरू होतं. मिठाचं पाणी पत्र्याच्या दुमडीत साचतं आणि तिथून जंग धरते. म्हणून घेताना पत्रा जाड बघा आणि शेगडीवर पाणी ओतून धुऊ नका.

काच पुसायला सोपी आणि दिसायला देखणी, हे खरंच आहे. ती टफन्ड, म्हणजे मुद्दाम कडक केलेली असते, वरचा दाब सोसते, पण कडेला लागलेला ठोका तिला सोसत नाही. फुटली की तडा जाऊन थांबत नाही, एकदम सगळीचे बारीक तुकडे होतात. तापलेल्या काचेवर ओलं थंड फडकं फिरवू नका. बर्नरपेक्षा फारच मोठा तवा तासभर ठेवला की आच खाली परतते आणि काच तापते. लांब पोळी भाजायचं उलटं मडकं तर काचेच्या शेगडीवर चढवूच नका, ते सगळी आच खालीच दाबतं.

तीन बर्नरचा मोह पडतो, पण मोठा गंज आणि तवा शेजारी ठेवले की मधला बर्नर बहुतेक वेळा रिकामाच राहतो. घरच्या सर्वांत मोठ्या दोन भांड्यांच्या मापाचे कागद कापून दुकानात न्या आणि शेगडीवर ठेवून बघा. आपोआप पेटणाऱ्या शेगडीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. कूलरची दमट हवा आणि उतू गेलेलं पाणी यांनी ठिणगी रुसते आणि शेवटी लायटरच हातात येतो.

कोणतीही घ्या, आयएसआय खूण आणि आयएस ४२४६ हा सिलिंडरच्या शेगड्यांच्या मानकाचा आकडा बघा. या मानकानुसार निदान ६८ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचायला हवी. सिलिंडरच्या शेगडीचा दाब ३० मिलिबार असतो, पाइपच्या गॅसचा साधारण २१. तुमच्या भागात पाइपलाइन येणार असेल तर जेट बदलून मिळतील का, हे आधीच विचारा. पाइपच्या गॅसचा मोठा जेट सिलिंडरवर चालवला तर उंच, पिवळी, काजळीची ज्योत येते, आणि ती धोक्याची असते.

दोन्हीकडे सारखंच

नळी नारिंगी, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्या. लांबी दीड मीटरपर्यंत, आयुष्य ५ वर्षं; तारीख नळीवरच छापलेली असते. मुदतीत असेल तर नव्या शेगडीला जुनीच नळी चालते.

मे महिन्यात कूलरचा झोत ज्योतीवर येऊ देऊ नका. मंद ज्योत विझते आणि चाबी मात्र सुरूच राहते. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सोय नसते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली साचतो. वास आला तर दिव्याचं किंवा कूलरचं बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर जाऊन गॅसगळतीसाठीच्या १९०६ या क्रमांकावर फोन करा.

नवीच घ्यायची ठरली तर जुनी भंगारवाल्याला देण्याआधी पितळी बर्नर काढून घ्या. पितळेचा भाव लोखंडापेक्षा वेगळा लागतो.