माद्रिदहून एकच दिवस हाताशी असेल तर: आविला की तोलेदो?

माद्रिदला कामासाठी किंवा मुलांकडे गेलेली आपली माणसं हमखास विचारतात: एक दिवस मोकळा आहे, जुनं तटबंदीचं गाव बघायचंय, कुठे जाऊ? नावं बहुतेक वेळा दोनच असतात, आविला आणि तोलेदो. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत (आविला १९८५पासून, तोलेदो १९८६पासून), आणि दोन्हीकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. एका दिवसात दोन्ही उरकायचा घाट मात्र घालू नका. आविला माद्रिदच्या वायव्येला आहे, तोलेदो दक्षिणेला. सगळा दिवस गाड्यांत जाईल.

माझं मत आधीच सांगते. तट बघायचा असेल तर आविला. तटाच्या आत माणसांनी काय काय बांधलं आणि ते कुणाकुणाच्या हाती गेलं, हे बघायचं असेल तर तोलेदो.

गडकिल्ले फिरत वाढलेल्या माणसाला आविलाचा तट पहिल्या नजरेतच गप्प करतो. अडीच किलोमीटरचा सलग वेढा, ८०हून जास्त अर्धगोल बुरूज, ९ वेशी, सरासरी १२ मीटर उंची आणि ३ मीटर जाडी. कुठे खिंडार नाही की ढासळलेला कोपरा नाही. राजा सहावा अल्फोन्सो याचा जावई रायमुंदो याने अकराव्या शतकाच्या अखेरीस हे काम काढलं असं परंपरा सांगते. प्रत्यक्ष बांधकामाचा बराचसा भाग बाराव्या शतकातला मानतात. दगड मिळेल तिथून आणला. पूर्वेच्या बाजूला नीट बघितलंत तर रोमन काळातल्या थडग्यांचे घडीव दगड तटात चिणलेले दिसतात.

इथे थोडं थांबून वेशी बघा. आपल्याकडे रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला असतो, शत्रूला वळणात पकडण्यासाठी. आविलाची आल्कासारची वेस आणि सान विसेंतेची वेस अगदी उघड्यावर, सपाटीला तोंड करून उभ्या आहेत. त्यांचं संरक्षण उंचीवर आहे: दोन्ही अंगांना धिप्पाड बुरूज, आणि त्यांना माथ्यावर जोडणारी कमान. दरवाजावर चालून आलेला माणूस तिन्ही बाजूंनी माऱ्याखाली. ही पूर्वेची बाजूच सगळ्यात भक्कम आहे, कारण इथे नदी नाही, उतार नाही. आणि याच बाजूला कॅथेड्रलचा मागचा अर्धगोल भाग तटातून बाहेर आलेला आहे, चक्क बुरूज म्हणून. चऱ्या असलेलं देवघर असं दुसरं मी पाहिलेलं नाही. आत गेलात की जुन्या भागातला तांबूस-पांढऱ्या ठिपक्यांचा दगड बघा, कच्च्या मांसासारखा दिसतो.

तटावरून चालता येतं, तिकीट असतं. पूर्ण फेरी होत नाही, पण उघडे भाग मिळून दीड किलोमीटरच्या वर फांजी तुमच्या पायाखाली येते. पायऱ्या उंच आणि दगडी आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच फेरी मारावी, तीही सुंदर आहे.

तोलेदोला असा सलग तट नाही. ताहो नदीने तीन बाजूंनी खोल वळसा घातला आहे, त्यामुळे मुख्य तटबंदी उत्तरेलाच लागली, आणि तीही वेगवेगळ्या काळांतली, तुकड्या-तुकड्यांत उभी आहे. तिथलं बघायचं ते आत. ९९९ सालची एक मशीद आहे, क्रिस्तो दे ला लूस. जेमतेम आठ मीटरचा चौरस. चार खांब, नऊ खण, आणि प्रत्येक खणाचं छत निराळ्या नक्षीचं. पुढे १०८५मध्ये अल्फोन्सोने शहर घेतलं आणि कालांतराने तिचं चर्च झालं. सांता मारिया ला ब्लांका हे बाराव्या शतकातलं सिनेगॉग: नालाच्या आकाराच्या पांढऱ्याशुभ्र कमानींच्या रांगाच रांगा, पाहून कुणालाही मशीदच वाटावी. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मुसलमानी धाटणीचे हात, ख्रिस्ती राजाचं राज्य. दुसरं सिनेगॉग, एल त्रान्सितो, राजाचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकात बांधलं. त्याचं लाकडी छत आणि भिंतींवरच्या हिब्रू अक्षरांच्या ओळी मान दुखेपर्यंत बघाव्यात. तिथे आता संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवार टाळा.

कॅथेड्रलला दोन तास द्या. १२२६मध्ये सुरू झालं आणि १४९३मध्ये पुरं झालं. वेदीमागे नार्सिसो तोमेने अठराव्या शतकात छताला भोक पाडून वरचा उजेड खाली मूर्तींवर आणला आहे; ऊन असेल तेव्हाच त्याची कमाल कळते. चित्रकार एल ग्रेकोची चित्रं इथल्या दालनात आहेतच, पण त्याचं सर्वांत मोठं काम, काउंट ऑर्गासचा दफनविधी, जवळच्या सांतो तोमे चर्चमध्ये आहे. एका चित्रासाठी रांग लावावी लागते. लावा.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला ती. ही दोन गावं एकमेकांची उत्तरं देतात. राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी तोलेदोत सान हुआन दे लोस रेयेस हा मठ स्वतःच्या समाधीसाठी बांधायला घेतला. १४९२मध्ये ग्रानादा जिंकल्यावर त्यांनी बेत बदलला आणि ते ग्रानादातच विसावले. त्यांचा एकुलता एक मुलगा हुआन १४९७मध्ये १९व्या वर्षी गेला. त्याची संगमरवरी समाधी आविलाच्या सांतो तोमास मठात आहे, तटापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तो जगला असता तर गादी हाब्सबुर्ग घराण्याकडे गेली नसती, आणि तोलेदोच्या बिसाग्रा वेशीवर त्याचा भाचा, हाब्सबुर्ग सम्राट पाचवा चार्ल्स याचा तो प्रचंड दोन डोक्यांचा गरुड कोरला गेला नसता.

त्याच सांतो तोमास मठात इन्क्विझिशनचा (धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा) प्रमुख तोर्केमादा १४९८मध्ये वारला. १४९२मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवलं गेलं त्यामागचा मोठा जोर त्याचा. तोलेदोची रिकामी सिनेगॉग बघून आलेल्या माणसाने या मठात उभं राहिलं तर मन जड होतं. आणि आविलाची लाडकी संत तेरेसा? जन्म १५१५, आविला. पण तिचे आजोबा तोलेदोचे, ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेले. १४८५मध्ये तोलेदोच्या इन्क्विझिशनने त्यांना जाहीर प्रायश्चित्त करायला लावलं, आणि मग कुटुंब आविलाला आलं. तटाबाहेरचा एन्कार्नासियोन मठ, जिथे ती १५३५मध्ये दाखल झाली आणि पुढची बरीच वर्षं राहिली, तो जरूर बघा. गोव्याच्या बॉम जीझसमध्ये ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर आणि ही तेरेसा, दोघांना संतपद एकाच दिवशी मिळालं: १२ मार्च १६२२.

प्रवासाचं थोडक्यात. तोलेदोला आतोचा स्टेशनवरून जलद गाडीने अर्धा तास लागतो. शनिवार-रविवारची तिकिटं आधी काढा. आविलाला साधारण दीड तास. तोलेदोच्या गल्ल्या चढउताराच्या आणि गोट्यांच्या फरसबंदीच्या, पण वर जायला सरकते जिने आहेत. गर्दी मात्र तोलेदोत फार, दुपारी मुख्य गल्ल्यांतून चालणं नकोसं होतं. आविला शांत असतं. ते समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे, म्हणून हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यातही संध्याकाळी अंगावर काहीतरी लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये तोलेदो भाजून काढतं. त्या दिवसांत मी डोळे मिटून आविला सांगेन.

शाकाहारी असाल तर तोलेदोत सोय बरी: पिस्तो ही टोमॅटो-सिमला मिरचीची भाजी मिळते, वर अंडं नको असं आधी सांगा. आविलाची ख्याती बीफच्या जाड कापाची, आणि बटाट्याच्या साध्या भाजीतही डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. ‘मांस नको’ म्हटल्यावर हॅम आणून ठेवतात, तेव्हा हॅमचं नाव वेगळं घेऊन नको म्हणा. गोडाचं म्हणाल तर तोलेदोचं बदामाचं मार्झिपान. आविलाचे येमास अंड्याच्या पिवळ्या बलकाचे असतात.

पहिल्यांदा आणि कदाचित एकदाच स्पेनला जाणाऱ्याला मी तोलेदो सुचवते. दुसरी खेप असेल, बरोबर किल्ल्यांचं वेड असलेलं मूल असेल, किंवा गर्दीचा उबग आला असेल तर आविला. तिथे गेलात तर परतीची गाडी उशिराची घ्या. दिवस कलताना आदाहा नदी ओलांडून क्वात्रो पोस्तेस या चार खांबांच्या चौथऱ्यापाशी जा. तिथून अख्खा तट एका नजरेत दिसतो, आणि अंधार पडला की त्यावर दिवे लागतात.