बोटीच्या धुराच्या पाइपाला कोणतं स्टील: एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं स्टील), ३१६ की ३१०?

मासेमारी बोटीच्या इंजिनाचा धुराचा पाइप बदलायला गेलं की सहसा एकच सल्ला मिळतो: ‘३१६ घाला, मरीन ग्रेड आहे.’ डेकवरच्या रेलिंगला तो अगदी योग्य. मॅनिफोल्डला (इंजिनातून निघणारा धूर एकत्र करणाऱ्या भागाला) लागून असलेल्या पाइपाला मात्र तो पुरत नाही, आणि नुकसान मालकाचं होतं.

३१६ या स्टेनलेस स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला पडणारी बारीक भोकं ते रोखतं. पण इंजिनावर पूर्ण लोड असताना मॅनिफोल्डजवळचा पाइप ५०० अंशांपर्यंत तापू शकतो. तिथे धातूला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. मीठ, वाफ आणि ऑक्सिजन एकत्र आले की या थराचंच सोडियम क्रोमेट होतं. क्लोरिन आत धातूपर्यंत पोचतो, लोखंडाचं क्लोराइड वाफ होऊन बाहेर येतं, बाहेर त्याचा गंज बनतो आणि सुटलेला क्लोरिन पुन्हा आत शिरतो. मीठ वितळतं ८०१ अंशांना; हा प्रकार त्याच्या बराच खाली, मीठ कोरडं असतानाच चालू होतो. मॉलिब्डेनमचा इथे फारसा उपयोग नाही.

३१० या स्टेनलेसमध्ये २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल. गरम टोकासाठी माझी पसंती त्यालाच, कारण निकेलचं क्लोराइड लोखंडाच्या क्लोराइडइतकं सहज उडून जात नाही. तरी कॅटलॉगमधल्या ११०० अंशांच्या मर्यादेवर विसंबू नका. तो आकडा कोरड्या, स्वच्छ हवेतला आहे.

एमएस स्वस्त, कुठल्याही बंदरावर वेल्डिंग होतं. जाड भिंतीचा पाइप घेऊन ठरावीक काळाने बदलायची तयारी असेल तर तोही हिशेब चुकीचा नाही.

खरा पैसा घालायचा तो बेलोजवर, म्हणजे पाइपातल्या घड्या असलेल्या लवचिक तुकड्यावर. स्टेनलेस तापल्यावर एमएसच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, तो ताण बेलोज घेतो, आणि पत्रा सगळ्यात पातळ त्याचाच. झीज सोसायला त्याच्याकडे जाडीच नसते. परवडत असेल तर तेवढा एक तुकडा इन्कोनेल ६२५ या मिश्रधातूचा घ्या. त्यात निम्म्याहून जास्त निकेल असतं. नाहीतर ३२१ ग्रेडचं स्टेनलेस.

सायलेन्सरनंतरच्या थंड भागाला ३१६एल (कमी कार्बनचं ३१६) चांगलं. फक्त लॅगिंग (पाइपावर गुंडाळलेलं उष्णतारोधक आवरण) भिजू देऊ नका. तुषारांनी भिजलेल्या ग्लासवूलमध्ये मीठ साचत जातं, आणि साधारण ६० अंशांपुढे ताणाखालच्या ३०४, ३१६ या स्टेनलेसना त्याने तडे जाऊ शकतात. वरून पत्र्याचं घट्ट आवरण हवं, पाइपाच्या तोंडाला झाकण हवं. ग्रेड कितीही भारी घेतला तरी हे चुकत नाही.

स्टेनलेस आणि एमएस जोडताना ३०९एल फिलर (वेल्डिंगमध्ये भरायची तार किंवा रॉड) मागा. मालासोबत टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि त्यातलं निकेलचं प्रमाण स्वतः वाचा.

आणि जुना पाइप उतरवताना लॅगिंगखाली पिवळी पूड दिसली तर कोरडं ग्राइंडिंग करू नका. ते क्रोमेट असू शकतं, फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. पूड ओली करून, मास्क आणि हातमोजे घालूनच पुसा, आणि ती फडकी समुद्रात टाकू नका.