मे महिन्यातलं सोलापूर आणि चाटी गल्लीतली चादर

मे महिन्यात सोलापूरला कशाला, असं घरात सगळ्यांनीच विचारलं. पण आमच्या मोठ्या वन्सं गेली 40 वर्षं बाळीवेशीत राहतात, दर उन्हाळ्यात बोलावतात, आणि मला एक चांगली चादर हवी होती. त्याआधी पुण्यातल्या एका प्रदर्शनात ‘अस्सल सोलापुरी’ म्हणून घेतलेल्या चादरीला चार धुण्यांत गोळे आले होते. ते मनाला फार लागलं होतं. म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो, पाच दिवस राहिलो. चादर घेऊन आता वर्ष होत आलं. चादरीचं खरं वर्षभर वापरल्यावरच कळतं, म्हणून आज लिहिते आहे.

मे महिन्यातल्या सोलापुरात तिथल्या माणसांच्याच वेळा पाळाव्यात. पहाटे साडेपाचला वन्संबरोबर सिद्धेश्वराच्या देवळात. तळ्याच्या मधोमध देऊळ, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी, आणि ऊन चढायच्या आत पाण्यावरून येणारा वारा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदवलं, अशी तिथली श्रद्धा आहे. वन्सं समाधीपाशी बसल्या की दहा मिनिटं एक शब्द बोलत नाहीत. मीही बसायला शिकले.

घरी आलं की कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी. ही चटणी उखळातच कुटायची. मिक्सरमध्ये तिची कोरडी भुकटी होते. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचा मऊ गोळा होतो, तो भाकरीच्या तुकड्याला चिकटून येतो. अकरानंतर दार लावायचं, पडदे ओढायचे आणि पाचपर्यंत बाहेर बघायचंसुद्धा नाही. एवढी निवांत दुपार मला पुण्यात कधी मिळाली नाही.

चाटी गल्लीत आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. दुकान जुनं, बैठकीचं, चपला काढून गादीवर बसायचं. मालक आत पोराशी तेलुगूत बोलत होते, विजापूरकडच्या गिऱ्हाइकाशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या गावाचं कापड उभं केलं, ते असं दुकानात बसल्या बसल्या कानांना कळतं. मी पहिलीच चादर हातात घेऊन रंग बघायला लागले, तर म्हणाले, “अक्का, नुसती वरून बघू नका. उलटी करा की.”

उलटी केली. मागच्या बाजूलाही तीच नक्षी, तितकीच रेखीव, फक्त रंगांची अदलाबदल: इकडे लाल जमिनीवर पांढरी वेल, तिकडे पांढऱ्यावर लाल. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या सोलापुरी चादरीची ही खूण. नक्षी छापलेली नसते, विणीतच असते. मी पुण्याच्या चादरीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी काठाचा एक धागा ओढून काडी लावली. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटात मऊ राख उरली. “सुती आहे. पॉलिस्टर असतं तर वितळून टणक मणी झाला असता.” मग चादर दिव्यासमोर धरून दाखवली, वीण विरळ असेल तर उजेड आरपार दिसतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसरीकडे विणलेला माल या नावावर सर्रास विकला जातो, आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. तासभर बसलो, वीस-पंचवीस चादरी उलगडल्या, एकदाही कपाळाला आठी नाही. 60 बाय 90 इंचाची लाल-पांढरी घेतली. टॉवेलही घेतले, ते बरे आहेत.

त्याच रात्री ती वापरली. वन्संच्या घराला आता स्लॅब आहे, तरी त्या गच्चीला माळवदच म्हणतात. संध्याकाळी पाणी मारून गच्ची निववली, सतरंज्या टाकल्या. रात्री एकपर्यंत अंगावर काही नको होतं. पहाटे तीन-साडेतीनला वारा फिरला आणि चादर आपोआप ओढली गेली. जड आहे, पण उबत नाही. अंगावर पडून राहते, वाऱ्यानं उडत नाही. सोलापुरी चादर थंडीची असं मी इतकी वर्षं समजत होते. तिची खरी वेळ उन्हाळ्यातल्या पहाटेची आहे.

एका पहाटे गाडी करून हत्तरसंग कुडलला जाऊन आलो. भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथलं जुनं देऊळ. शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख तिथं आहे. हजार वर्षांपूर्वी कोरलेली आपली अक्षरं बघताना आमच्यातलं कुणी बोललं नाही. दहाच्या आत परत आलो. संध्याकाळी स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. वन्सं तिथून जाताना दर वेळी हात जोडतात.

आता वर्षभराचा हिशेब. पहिल्या धुण्यात लाल रंग थोडा गेला, म्हणून ती वेगळीच भिजवा. नंतर रंग हलला नाही. लांबीत दीड-दोन इंच आटली, तेव्हा मोजून-मापून लहान घेऊ नका. नवी असताना जरा खरखरीत लागते, पाच-सहा धुण्यांनंतर मऊ पडते आणि मग सोडवत नाही. गोळा एकही नाही. अडचण पावसाळ्यात: ओली झाली की पिळायला दोन माणसं लागतात आणि वाळायला पुरते दोन दिवस. एकच चादर असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पंचाईत होते.

म्हणून वन्संना फोन करून त्याच दुकानातून दुसरी आणायला सांगितली आहे, या वेळी हिरवी. त्या म्हणाल्या, पाठवणार नाही, मे महिन्यात येऊन घेऊन जा.