सात महिने ‘कोड: व्हेरोनिका’ खेळल्यावर

‘रेझिडेंट ईव्हिल कोड: व्हेरोनिका’ हा झाँबींचा भीतीदायक व्हिडिओ गेम मी गेल्या दिवाळीत पीएस फोरवर घेतला. मूळ गेम २००० सालचा, सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवरचा. माझ्याकडे आहे ती नंतरची ‘एक्स’ आवृत्ती. सात महिन्यांत एकदा संपवला, पण त्याआधीचा पहिला डाव अर्ध्यावर सोडून द्यावा लागला. का, ते सांगतो.

कंट्रोल्स जुन्या पद्धतीचे आहेत: आधी जागेवर वळायचं, मग पुढे जायचं. आठवडाभरात हात बसतो. कॅमेरा आपल्या हातात नसतो, त्यामुळे कोपऱ्यापलीकडच्या झाँबीचं कण्हणं ऐकू येतं पण तो दिसत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, खरी भीती तिथेच आहे.

तक्रार आहे ती गेम महत्त्वाच्या गोष्टी लपवतो याची. गेमची नायिका क्लेअर, ती रॉकफोर्ट नावाच्या बेटावरून विमानाने निसटते आणि मालाच्या कप्प्यात टायरंट हा धिप्पाड राक्षस समोर येतो. मागच्या दारातून माल बाहेर फेकणारी यंत्रणा आहे, पण टायरंट पुरेसा घायाळ झाल्याशिवाय ती त्याला बाहेर ढकलू शकत नाही. माझ्याकडे पिस्तुलाच्या मोजक्या गोळ्या होत्या. ग्रेनेड बेटावरच संपवले होते, बाणांना गनपावडर जोडून स्फोटक बाण बनवता येतात हे माहीत नव्हतं. सेव्ह एकच, आणि परत बेटावर जायची सोय नाही. तीन रात्री प्रयत्न केले. अकरा तासांचा खेळ गेला. चूक झाली असती तर मानली असती, पण गोळ्या वाचवून ठेवा असं आधी कुठेही सुचवलेलं नाही.

दुसऱ्या डावात अग्निशामक नळकांड्याने फसवलं. सुरुवातीला त्याने आग विझवून ब्रीफकेस मिळवायची, आतल्या खास धातूपासून ससाण्याच्या चिन्हाची नक्कल करायची, कारण तो धातू मेटल डिटेक्टरला कळत नाही. सगळी कडी सुंदर जुळते. त्या डिटेक्टरपाशी धातूच्या वस्तू पेटीत ठेवाव्या लागतात, तिथे मी रिकामं नळकांडं ठेवलं आणि विसरलो. रिकामी वस्तू कोण सांभाळतो? तर पुढे अंटार्क्टिकात क्लेअरच्या भावाने, ख्रिसने तेच भरून घेऊन आग विझवायची असते, आणि आगीपलीकडे मॅग्नम ही जबरदस्त पिस्तूल असते. माझी गेली.

त्याहून वाईट म्हणजे क्लेअरकडून खेळ ख्रिसकडे जातो तेव्हा क्लेअरच्या अंगावरचं काहीच त्याला मिळत नाही. मिळतं फक्त आयटम बॉक्समधलं, म्हणजे दोघांच्या सामायिक पेटीतलं. बदल होण्याआधी एक शब्दही सूचना नाही. माझा ग्रेनेड लाँचर असाच अडकला, आणि ख्रिसचे पुढचे कितीतरी तास मी हर्ब (जखमा भरणारी औषधी वनस्पती) खात, पळत काढले. संसाधनं कमी देणं हा या प्रकारचा प्राण आहे, मला ते मनापासून आवडतं. पण कमी देणं वेगळं आणि दिलेलं न सांगता काढून घेणं वेगळं.

अंटार्क्टिकाच्या तळातला पतंगांचा (उडणाऱ्या किड्यांचा) कॉरिडॉरही असाच. पतंग पाठीवर अंडी घालतो, विष चढतं, ते उतरवायला ब्लू हर्ब खर्ची पडतो. मारा, खोलीत जा, बाहेर या, पतंग पुन्हा हजर. नुसता छळ.

तरीही तिसरा डाव सुरू आहे. बेटाचा मालक खलनायक आल्फ्रेड, त्याच्या वाड्यातली ती शांतता, बहिणीच्या वेशातलं त्याचं उघडं पडणं, खेळ सेव्ह करायच्या टाईपरायटरजवळ पोचल्यावर सुटणारा श्वास, हे नव्या गेममध्ये मला क्वचित मिळतं. या वेळी वही घेऊन बसलो आहे: बॉक्समध्ये काय, अंगावर काय. सेव्ह दोन ठेवतो, एक बेटावरचा, एक पुढचा. विमानासाठी दहा स्फोटक बाण बाजूला काढलेत. नळकांडं काल रात्रीच आयटम बॉक्समध्ये टाकलं.