एस्कोबरोबर करार करायचाय: गॅरंटीवाला घ्यावा की वाटणीवाला?

ऑफिस बिल्डिंगचं लाइटबिल कमी करायचंय, एस्कोवाले (एस्को म्हणजे वीजबचतीची कामं करून देणारी कंपनी) प्रेझेंटेशन देऊन गेलेत आणि मालकाला दोन्ही करार सारखेच वाटतायत, तर थांबा, कारण पैसा कोण घालतो आणि बचत नाही झाली तर कोणाच्या अंगावर येतं हे दोन्हीत एकदम वेगळंय.

गॅरंटीवाल्यात चिलर (सेंट्रल एसीसाठी पाणी गार करणारं मशीन), पंप, लाइट यांचा खर्च तुमचा, बहुतेक वेळा बँकेचं कर्ज काढून. एस्को फक्त लिहून देते की इतकी बचत होईल, कमी पडली तर फरक ती भरेल. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये जॉन्सन कंट्रोल्स या कंपनीने अशीच गॅरंटी दिली होती, तिथे ६,५१४ खिडक्या जागेवरच सुधारून घेतल्या आणि एकूण वीज-इंधन वापर साधारण ३८ टक्क्यांनी उतरवायचं टार्गेट होतं.

वाटणीवाल्यात पैसा एस्कोचा. समजा महिन्याला २ लाख वाचले तर ठरलेली वर्षं त्यातले १.४ लाख तिचे, ६० हजार तुमचे, आणि मुदत संपली की मशिनरी तुमची. खिशातून काही जात नाही म्हणून हा गोड वाटतो, पण जोखमीचे पैसे एस्को वाटणीत लावणारच, म्हणून कर्ज सहज मिळत असेल तर माझ्या मते गॅरंटीवालाच स्वस्त पडतो. सोसायटीसारखे पाच-सहा मालक असतील आणि कर्जावर एकमत होत नसेल तर मात्र वाटणीवाला घ्या, जुना चिलर आणखी चार वर्षं वीज खात बसण्यापेक्षा ते बरं.

आता खरी मेख, बेसलाइन. बचत मीटरवर दिसत नाही, ती आधीच्या वापराशी तुलना करून काढतात, म्हणजे आधीचं वर्ष कुठलं धरलं यावरच सगळं. २०२१ साली ऑफिसं अर्धी रिकामी होती, ते वर्ष धरलं तर आज कितीही चांगलं काम केलं तरी बचत दिसणारच नाही, आणि उलट एखाद्या भाडेकरूने मध्येच सर्व्हर रूम टाकली तर वाढलेलं बिल कोणाच्या माथी? उन्हाळा, भरलेल्या जागा, कामाचे तास, सगळ्याची दुरुस्ती कशी करायची ते आधीच लिहून घ्या. आणि हिशोब युनिटमध्येच ठेवा, रुपयांत नको, दर बदलला की बचतीचा आकडा उगाच वरखाली होतो.

भाड्याच्या बिल्डिंगमध्ये अजून एक अडचण, चिलर मालकाचा पण बिल भाडेकरू भरतो, मग मालक पैसे का घालेल? तिथे भाडेकरारात बचतीतला वाटा टाकल्याशिवाय दोन्ही करार अडकतात. कंपनी निवडताना बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेच्या) यादीत नाव आहे का ते बघाच, तिथे एस्कोंना ग्रेड दिलेली असते.