रोव्हरची मोजणी: काम चोख, नकाशा अपुरा

मिरज तालुक्यातील आमच्या कृष्णाकाठच्या शेतात 2019 आणि 2021 च्या महापुरांनी गाळ बसवल्यापासून पूर्वेकडचा बांध नेमका कोठून जात होता, याबद्दल भाऊबंदांत एकमत राहिले नव्हते. शिवाय पाण्याच्या निचऱ्यासाठी चर काढायचा असल्याने जमिनीचा उतारही कळणे आवश्यक होते. म्हणून यंदा ऊसतोड झाल्यावर सांगलीतील एका खासगी सर्व्हेअरकडून एका दिवसाचे काम करून घेतले.

काम सुरू होण्यापूर्वीच त्यांनी स्पष्ट केले की ही केवळ वहिवाटीची, म्हणजे आज प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या जमिनीची मोजणी आहे. वाद मिटवायचा असेल तर भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागेल आणि तेथील ‘क’ प्रतच, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशाच कामी येईल. हातातले काम जाण्याची शक्यता असूनही त्यांनी हे स्वतःहून सांगितले, याचे मला विशेष वाटले.

सातबारावर आमची जमीन पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) धरून 0.82 हेक्टर आहे आणि वडिलांच्या तोंडी ती कायम ‘दोन एकर एक गुंठा’ असे. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, अर्थात 1,089 चौरस फूट, तर आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा त्याहून एका चौरस मीटरने आणि वर थोडा मोठा असतो. बोलताना आपण आर आणि गुंठा एकच धरतो, पण 82 आरांचे गुंठे करायला गेले की ते 81 च भरतात, आणि हरवलेला तो एक गुंठा शेजाऱ्याच्या नावावर मांडला जातो. आमच्याकडे तसे झालेले आहे.

सर्व्हेअरने आधी गटनकाशा पाहून, तीन गटांच्या हद्दी जेथे मिळतात तो जुना दगड गाळाखालून उकरून काढायला लावला; त्याशिवाय रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेले उपग्रहांवरून जागा मोजणारे यंत्र, हातात घेतला नाही. बेस, म्हणजे एका जागी स्थिर राहणारे त्याचे जोडयंत्र, तिवईवर बसवल्यावर त्यांचा मदतनीस प्रत्येक कोपऱ्यावर काठी उभी करी, तिच्यावरचा बुडबुडा मध्यभागी आणी आणि पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे जागा अचूक मिळाल्याची खूण, दिसेपर्यंत थांबे. दोन मीटरची काठी दोन अंश जरी कलली तरी वरचे टोक सात सेंटीमीटरने सरकते, त्यामुळे या थांबण्याला अर्थ आहे. बाभळीखालच्या कोपऱ्यावर मात्र ‘फ्लोट’च, म्हणजे जागा अजून अंदाजे असल्याची खूणच, येत राहिले, म्हणून तो बिंदू त्यांनी टोटल स्टेशन (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) लावून घेतला. घाईत ‘फ्लोट’वरच उरकून घेणारेही असतात, असे ऐकून आहे.

माझ्या चुलत भावाचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्याने नदीकडच्या उतारावर 30 मीटरचा टेप लावला आणि यंत्राचे अंतर 15 सेंटीमीटरने कमी निघताच यंत्र चुकल्याचे जाहीर केले. त्या 30 मीटरांत जमीन तीन मीटर उतरते. क्षेत्र काढताना उतारावरचे नव्हे, आडवे अंतर धरतात, हे दोरी आणि काठी घेऊन त्याला दाखवण्यात सर्व्हेअरने अर्धा तास घालवला. पैसे एकरावर नव्हे, दिवसावर ठरलेले असूनही वैतागले नाहीत.

वहिवाटीचे क्षेत्र 0.806 हेक्टर भरले, म्हणजे सातबारापेक्षा 140 चौरस मीटर कमी. आमचा पूर्वेचा बांध 160 मीटर लांब आहे. सगळी तूट तिकडचीच मानली, तर सरासरी 87 सेंटीमीटरचा पट्टा होतो. दरवर्षी नांगराचे एखादे तास इकडचे तिकडे झाले तरी तेवढे जाते.

तक्रार आहे ती नकाशाबाबत. तो 1:1000 प्रमाणाचा आहे, म्हणजे कागदावरील एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. ज्या 87 सेंटीमीटरवरून आम्ही भांडतो, ते त्यात पेनाच्या रेघेत बुडून जातात. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश वेगळ्या तक्त्यात मागून घ्यावे लागले. त्याहून मोठी चूक पातळ्यांची. आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांवर गेले की धोका, हे सांगलीतले लहान मूलही सांगते, पण ते 45 फूट कोणत्या शून्यापासून, हे फारसे कोणी विचारत नाही. तसेच येथे झाले. शेताचा मधला भाग रस्त्याकडच्या कडेपेक्षा 42 सेंटीमीटर खोल आहे, हे ऑटो लेव्हलने (उंचसखलपणा मोजण्याच्या दुर्बिणीने) नीट दाखवले, परंतु ज्या बेंचमार्कला, म्हणजे उंची मोजण्याच्या पक्क्या खुणेला, 100.000 धरून हे आकडे काढले, तो कोठे आहे याचा नकाशात उल्लेखच नव्हता. पुढच्या वर्षी चराची खोली तपासायला दुसरा कोणी आला, तर त्याला तो शून्य सापडला नसता.

फोन केल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि तिसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत पाठवली. बेंचमार्क मोटारीच्या खोलीच्या ओट्याचा नैऋत्य कोपरा निघाला. तेथे मी लाल रंगाने त्रिकोण काढून ठेवला आहे आणि पूर्वेच्या बांधासाठी सरकारी मोजणीचा अर्जही दिला आहे. चराचे काम याच सर्व्हेअरला देणार आहे, फक्त या वेळी नकाशा 1:200 प्रमाणात मागितला आहे.