आगबोटीचे पॅडल व्हील निवडताना: स्थिर फळ्या, पायरीच्या फळ्या की वळत्या फळ्या?

धरणाच्या पाण्यात किंवा नदीत चालवण्यासाठी वाफेवरची बोट बांधणारे, जुन्या बोटीला नवे चाक बसवणारे आणि मोठे चालते मॉडेल करणारे, सगळेच एका प्रश्नावर अडतात: फळ्या आऱ्यांना घट्ट बोल्ट करायच्या की दांड्या लावून वळत्या ठेवायच्या? कार्यक्षमतेची टक्केवारी विचारून याचे उत्तर मिळत नाही. आधी दोन मापे हातात हवीत. चाकाचा व्यास किती घेता येतो, आणि रिकामी बोट व भरलेली बोट यांत चाकाच्या बुडीत, म्हणजे चाक पाण्यात किती खोल जाते त्यात, किती फरक पडतो.

पुढचे सगळे आकडे एकाच उदाहरणाचे आहेत. साधारण १२ मीटर लांबीची बोट, दोन्ही बाजूंना चाके, वेग ६ नॉट म्हणजे सेकंदाला ३.०९ मीटर. फळीची उंची ३० सेंटिमीटर, आणि सर्वांत खाली असताना फळीची बाहेरची कड पाण्याखाली ३६ सेंटिमीटर.

स्थिर फळ्यांचे चाक

व्यास २.४ मीटर धरू. फळी पाण्याला टेकते त्या क्षणी ती उभ्या रेषेपासून किती कललेली आहे, हे साध्या त्रिकोणमितीने निघते: त्रिज्येतून बुडी वजा करा आणि उरलेल्याला त्रिज्येने भागा. १.२० वजा ०.३६ म्हणजे ०.८४, भागाकार ०.७; ज्याचा कोसाइन एवढा तो कोन सुमारे ४६ अंश. याचा अर्थ, शिरताना फळीचा जेवढा जोर बोटीला पुढे ढकलतो, जवळपास तेवढाच पाण्याला खाली दाबण्यात जातो. बाहेर पडताना तीच फळी पाणी उचलून मागे फेकते.

आता तोच ०.३६ मीटरचा आकडा ठेवून व्यास १.५ मीटरवर आणा. कोन ५९ अंशांवर जातो. म्हणजे शिरताना पुढच्या ढकलीपेक्षा खालचा दाब जास्त. लहान स्थिर चाक वाईट का, याचे सगळे कारण या एका भागाकारात आहे. स्थिर फळ्या घ्यायच्या तर व्यास मोठाच हवा. ‘ग्रेट ईस्टर्न’ या ब्रिटिश जहाजाच्या चाकांचा व्यास ५६ फूट होता आणि फळ्या स्थिर होत्या. एवढ्या व्यासाला शिरण्याचा कोन मुळातच कमी राहतो, त्यामुळे वळत्या फळ्यांची गरजही कमी होते. मात्र मोठे चाक लाटेचा मारही तितकाच मोठा घेते: १८६१ च्या सप्टेंबरमधल्या वादळात ही चाके मोडून गेली आणि त्यांच्या जागी आधीपेक्षा लहान, भक्कम चाके बसवावी लागली.

दुसरा दोष कानांना कळतो. २.४ मीटरच्या आपल्या चाकात स्लिप, म्हणजे फळीच्या वेगापेक्षा बोट जेवढी मागे पडते ती, २५ टक्के धरली तर फळीच्या मध्याचा वेग सेकंदाला ४.१२ मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ३७ ते ३८ फेरे. फळीची बाहेरची कड ४.७ मीटरने जाते. सर्वांत खाली असताना ती पाण्याला सेकंदाला १.६ मीटरने ढकलते. पण शिरताना, बोटीच्या वेगाचा फळीला काटकोनातला भागच वजा होत असल्याने, २.५ मीटरने आपटते. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शिरण्याचा धक्का खालच्या ढकलीच्या जवळपास अडीचपट. प्रत्येक फळीला एक धप्प. त्या धक्क्याने आऱ्यांचे बोल्ट सैल होतात, बेअरिंग झिजतात आणि सांगाडा थरथरतो.

तरीही या चाकाची मोठी बाजू आहे: त्यात हलणारे काहीच नाही. फळी लाकडाची, वाकड्या आकड्याच्या बोल्टने आऱ्याला आवळलेली. ओंडका आला तर फळी तुटते, आरा वाचतो, आणि काठाला लावून अर्ध्या तासात नवी फळी बसते. मिसिसिपी आणि ओहायोवरच्या मागे चाक असलेल्या बोटी अशाच लाकडी स्थिर फळ्यांवर चालल्या, आणि त्या नद्यांतले ओंडके पाहता तो निर्णय बरोबरच होता. फळ्यांची जुनी मोजणी व्यासाच्या दर फुटाला एक अशी. २.४ मीटरला ८ फळ्या येतात. पाण्यातला कंस ९१ अंश आणि फळ्यांमधले अंतर ४५ अंश, म्हणजे कायम दोन फळ्या पाण्यात. त्याहून कमी करू नका, चाक झटके देत फिरेल.

पायरीच्या फळ्या, म्हणजे सायक्लॉइडल चाक

यात रुंद फळीऐवजी तीन-चार अरुंद पट्ट्या असतात, सायक्लॉइड वक्रावर पायरीसारख्या मागेपुढे बसवलेल्या. त्या पाण्यात जवळपास एकाच जागी, पण एकामागून एक शिरतात, त्यामुळे मोठ्या धप्पऐवजी लहान लहान धक्के मिळतात. ब्रिटिश अभियंते जोशुआ फील्ड यांनी ही रचना १८३३ मध्ये करून पाहिली, एलायजा गॅलोवे यांनी १८३५ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि १८३८ मध्ये ब्रिस्टलहून न्यूयॉर्कला गेलेल्या ‘ग्रेट वेस्टर्न’ला अशीच चाके होती, व्यास २८ फूट ९ इंच.

थरथर कमी होते हे खरे. पण ढकलीचा कोन फारसा सुधारत नाही, बोल्टांची संख्या तिप्पट होते, आणि बोट मागे घेताना पायऱ्यांची दिशा उलटी पडते. धक्क्यांनी जेरीस आलेल्या, पण हलत्या सांध्यांना तयार नसलेल्या माणसाने याचा विचार करावा. नव्या लहान बोटीसाठी आम्ही हे चाक सुचवणार नाही.

वळत्या फळ्यांचे चाक

फळी नेहमी उभी ठेवायची ही पहिली कल्पना. बुकॅनन यांचे १८१३ चे पेटंट त्याच वळणाचे होते. पण बोट स्वतः पुढे जात असते, म्हणून पाण्यात धक्क्याविना शिरायला फळी पूर्ण उभी चालत नाही, थोडी कललेली लागते. याच गॅलोवे यांनी १८२९ मध्ये पेटंट घेतलेल्या आणि विल्यम मॉर्गन यांनी हक्क विकत घेऊन सुधारलेल्या चाकात हे साधले. आज चालणाऱ्या पॅडल बोटींमधली बहुतेक वळती चाके त्याच रचनेची आहेत. १९४६ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘वेव्हर्ली’ या ब्रिटिश पॅडल बोटीच्या प्रत्येक चाकावर अशा ८ लाकडी फळ्या आहेत.

रचना अशी: प्रत्येक फळी स्वतःच्या पिनवर फिरते. फळीला काटकोनात एक लिव्हर. लिव्हरच्या टोकापासून एक दांडी एक्सेंट्रिकच्या पट्ट्याकडे, म्हणजे बाजूला सरकवलेल्या पिनेभोवती फिरणाऱ्या कड्याकडे, जाते. एक्सेंट्रिकची पिन चाकाबाहेरच्या तुळईवर स्थिर असते आणि तिचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला सरकलेला असतो. दांड्यांपैकी एक पट्ट्याला घट्ट जोडलेली. तीच पट्टा फिरवते. बाकीच्या पट्ट्यावर पिनने फिरत्या.

एक्सेंट्रिकची जागा अंदाजाने ठरवू नका, पूर्ण मापात प्लायवर आखा. १.५ मीटर व्यासाच्या चाकात फळीच्या पिनांचे वर्तुळ ६०० मिमी त्रिज्येचे येते. शिरताना, सर्वांत खाली आणि बाहेर पडताना अशा तीन जागी पिन दाखवा. पहिली व तिसरी खालच्या पिनेपासून ५० अंशांवर. प्रत्येक फळीची रेषा त्या वर्तुळाच्या सर्वांत वरच्या बिंदूतून जाईल अशी काढा. लिव्हर १५० मिमी, फळीला काटकोनात, नाळेकडे. लिव्हरच्या तिन्ही टोकांतून जाणारे वर्तुळ काढले की त्याचा मध्य हीच एक्सेंट्रिकची जागा. या मापांना ती शाफ्टच्या मध्यापासून सुमारे ८२ मिमी पुढे आणि ५ मिमी वर येते, वर्तुळाची त्रिज्या ६०९ मिमी. फिरत्या दांड्या कापताना यातून पट्ट्यावरच्या पिनेचे अंतर वजा करायला विसरू नका.

मिळते काय? १.५ मीटरचे चाक पुरते, आणि स्लिप १८ टक्के धरली तर मिनिटाला ६० फेरे. तीच ताकद ३७ ऐवजी ६० फेऱ्यांवर द्यायची म्हणजे शाफ्टवरची पीळ जवळपास ६० टक्क्यांवर येते. इंजिन, शाफ्ट आणि चाकाची पेटी, तिन्ही लहान. ६ फळ्या पुरतात. मागे घेतानाही भूमिती तीच राहते. आमच्या मते लहान बोटीला हलक्या इंजिनाचा फायदा कोळशाच्या बचतीपेक्षा मोठा आहे.

बिघडते ते सांध्यांत. ६ फळ्यांच्या चाकात फळीच्या दोन टोकांना दोन, लिव्हरच्या टोकाला एक आणि पट्ट्यावर एक धरले तर तेवीस जागा झिजतात, शिवाय एक्सेंट्रिक. लिव्हर १५० मिमी असताना टोकाशी ३ मिमी ढिलेपणा म्हणजे फळी एक अंशाहून जास्त हलणार. कोन तितकासा बिघडत नाही, पण दर फेऱ्याला पिन दोनदा ठोकते आणि झीज वेगाने वाढते. जुनी पद्धत पितळी किंवा कांस्य पिन आणि लिग्नम व्हायटी लाकडाचे बुश. पाणीच वंगणाचे काम करते. आज दाट प्लास्टिकचे बुश चालतात, पण पाणी पिऊन फुगणारे नायलॉन टाळा, पिन आवळली जाते. फिरती दांडी तुटली तर एक फळी सुटून पेटीवर आपटते. पट्टा फिरवणारी घट्ट दांडी तुटली तर सगळ्या फळ्या एकदम वेड्यावाकड्या होतात, म्हणून ती बाकीच्यांपेक्षा जाड ठेवा. आणि बाहेरची तुळई कडक हवी: बंदराच्या धक्क्यावर आदळून ती १० मिमी वाकली तर एक्सेंट्रिकही १० मिमी सरकले.

जलपर्णी आणि मासेमारीची जाळी हा आपल्याकडचा खरा शत्रू. स्थिर चाकावरून वेल कापून काढता येते. दांड्यांच्या जंजाळात ती गुंडाळली की चाक थांबवून पेटी उघडावीच लागते.

बुडी बदलते तेव्हा

हा मुद्दा निवड फिरवतो. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३० च्या मार्चमध्ये सुएझला निघाली तेव्हा कोळशाने इतकी लादली होती की ठरवलेल्यापेक्षा बरीच खोल बसली होती. कोळसा जळेल तशी ती वर येणार. अशा बोटीत चाकाची योग्य बुडी प्रवासाच्या मध्येच कधीतरी मिळते. आपल्या २.४ मीटरच्या स्थिर चाकात बुडी १० सेंटिमीटरने वाढली तर शिरण्याचा कोन ४६ वरून ५२ अंशांवर जातो. त्या काळी लांबच्या प्रवासात फळ्या आऱ्यांवर आत सरकवून बसवत, ते याचसाठी.

ब्रिटिश गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८३४ मध्ये स्थिर आणि वळत्या फळ्यांच्या चाकांची तुलना मांडली. बुडी थोडी असताना वळत्या फळ्यांना विशेष फायदा नाही. बुडी वाढली की त्या स्पष्टपणे पुढे जातात. हा निष्कर्ष वरच्या भूमितीशी जुळतो, आणि निवडीसाठी तोच धरावा.

म्हणून प्रवाशांची संख्या रोज बदलणारी, बाजूला चाके असलेली, स्वच्छ पाण्यातली बोट असेल तर वळत्या फळ्या घ्या, आणि पिना तपासायला माणूस नेमा. उथळ, गाळाची, ओंडक्यांची नदी असेल तर चाक मागे लावा, व्यास मोठा घ्या, फळ्या स्थिर ठेवा. मागे चाक घेतल्यास त्याचे वजन पिछाडीला लोंबते आणि सांगाडा मधून वर उचलला जातो. अमेरिकन बोटींनी त्यासाठी डेकवरून लोखंडी सळ्यांचे ताण दिले, ते तुम्हालाही लागतील. खोल पाण्यातच चालवायची असेल तर पॅडलचा हट्ट कशासाठी, हेही स्वतःला विचारा: १८४५ मध्ये स्क्रूच्या, म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याच्या, ‘रॅटलर’ने पॅडलच्या ‘अलेक्टो’ला मागे ओढून नेले होते.

दोन चाके एकाच शाफ्टवर की वेगवेगळी, हे फळ्यांच्या आधी ठरवा. ‘वेव्हर्ली’ची दोन्ही चाके एकाच शाफ्टवर आहेत, त्यामुळे वळण फक्त सुकाणूवर. स्वतंत्र चाके असली तर एक पुढे आणि एक मागे फिरवून बोट जागच्या जागी वळते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश नौदलाने विमानवाहू जहाजे हाताळण्यासाठी डिझेल-इलेक्ट्रिक पॅडल टग बांधल्या त्या याच गुणासाठी. वाफेवर त्यासाठी दोन इंजिने लागतात, आणि रिकाम्या बोटीत एका बाजूला दहा माणसे सरकली तरी एका चाकाची बुडी दुसऱ्यापेक्षा वेगळी होते. हा कल बोट पाण्यात असताना मोजून घ्या: दोन्ही बाजूंना मोजपट्टी लावा, माणसे एका काठाला उभी करा, आणि वर-खाली झालेले सेंटिमीटर वरच्या भागाकारात घाला. कोन ५५ अंशांपुढे जात असेल तर स्थिर फळ्यांची ऑर्डर देऊ नका.